डावी खुर्ची

आमच्या संसाराला एक पलंग पुरला असता, पण कंपनीच्या कृपेनं आम्हाला दोन होते आणि दोन्हींवर आम्ही पाळीपाळीनं झोपत होतो. नवरा आणि मी, दोघंही पार्सलं वाहणाऱ्या एका छोट्या विमान कंपनीत वैमानिक. वाटही एकच. सकाळी मी शहरातून पार्सलं भरून डोंगरापलीकडच्या गावाला निघायचे, त्याच सुमाराला तो त्या गावातून निघून शहराकडे यायचा. दिवसभर मी तिकडे कंपनीच्या खोलीत आडवी आणि तो इकडे आमच्या घरात. संध्याकाळी पुन्हा उलट. मी घरी पोचायचे तेव्हा तो गावात उतरून बूट काढत असायचा.

विमानं लहान, एका माणसानं चालवायची. शेजारची खुर्चीसुद्धा काढून टाकलेली आणि तिथे खोकी रचलेली. कोणाचं औषध, कोणाची चप्पल, कोणाच्या यंत्राचा सुटा भाग. प्रवासी नाहीत म्हणून तक्रारी नाहीत, असं मी लोकांना सांगायचे. खरं म्हणजे कधीतरी कोणी तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं.

शहरात मुक्काम मिळणाऱ्या वाटा जुन्या लोकांनी घट्ट धरून ठेवल्या होत्या, त्यामुळे बदली मागून उपयोग नव्हता. रविवारी पार्सलं नसायची. मग आमच्यापैकी एक जण बसनं डोंगर ओलांडून दुसऱ्याकडे जायचा, जेवायचा, झोप काढायचा आणि परतीची बस धरायचा. सासूबाईंनी एकदा फोनवर सरळ विचारलं, "तुम्ही नवरा-बायको आहात की पाळीवरचे वॉचमन?" नवरा हसला. मला हसू आलं नाही, कारण आदल्याच दिवशी मी त्याच्या उशीवर तोंड खुपसून पडले होते आणि अलार्म वाजल्यावरही उठले नव्हते.

वाटेत मध्यावर आमची विमानं एकमेकांना ओलांडायची. तो माझ्या हजार फूट खाली, नियमच तसा. रेडिओवर काही बोलायची सोय नाही, सगळी दुनिया ऐकत असते. म्हणून ढग नसले की मी उतरतानाचा मोठा दिवा क्षणभर लावायचे आणि खालून त्याचाही दिवा लागायचा. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय. पण त्या ताकासाठी मी सकाळी आरशासमोर केस नीट करायचे. हजार फुटांवरून त्याला काय कपाळ दिसणार होतं?

आमच्या व्यवस्थापकाला सगळे घड्याळसाहेब म्हणत. विमान पडलं तरी चालेल पण उशिरा पडता कामा नये, असा माणूस. त्यानं एके दिवशी आम्हा दोघांना फोनवर एकदमच घेतलं आणि सांगितलं की आमची दोन्ही विमानं कंपनी विकतेय. त्या जागी एकच मोठं येणार, दोन इंजिनांचं, दोन वैमानिकांचं. सकाळी शहरातून निघणार, दिवसभर गावात थांबणार, संध्याकाळी परत. तुमची जोडी जमत असेल तर तुम्हीच चालवा, नाहीतर एकाला उत्तरेकडच्या वाटेवर, तिथल्या एकट्यानं चालवायच्या लहान विमानावर जावं लागेल, आणि तिथला मुक्काम तिकडेच. जमतं की नाही ते परीक्षक ठरवेल.

फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात नुसती उभी राहिले. सकाळी एकत्र निघायचं, दुपारी एका खोलीत लोळायचं, रात्री एका घरात जेवायचं. हे बाकीच्या जगाला रोज फुकट मिळतं आणि ते त्यावरून भांडतात.

नव्या विमानाचं प्रशिक्षण आम्ही घेतलं, अर्थातच वेगवेगळ्या महिन्यांत. मग एका रविवारी तो घरी आला आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडल्या. डावी खुर्ची कॅप्टनची. उजवीकडच्यानं सांगितलेलं करायचं, आकडे वाचायचे, रेडिओ सांभाळायचा. माझे उड्डाणाचे तास जास्त म्हणून मी डावीकडे बसले. तो उजवीकडे बसला आणि लगेच म्हणाला की भिंत इकडून वेगळीच दिसते. आम्ही खूप हसलो. दुपारभर भिंतीवरून उडत राहिलो आणि त्याची बस चुकता चुकता राहिली.

परीक्षेच्या सकाळी तो पहाटेच्या बसनं आला आणि आम्ही घरातून एकत्र निघालो. मी कुलूप लावलं आणि तो जिन्यात थांबला, एवढ्यानंच माझे डोळे भरून आले. मी त्याला म्हटलं, धूळ गेली. जिना नुकताच धुतलेला होता.

परीक्षक हा एक सुकलेला, कमी बोलणारा गृहस्थ. आमच्या मागे घडीच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मी इथे नाही असं समजा." आम्ही धावपट्टी सोडली. आता मी सांगायचं आणि उजवीकडच्यानं चाकं आत घ्यायची. मी सांगितलं, पण सांगतासांगताच माझा हातही चाकांच्या दांड्याकडे गेला, कारण इतकी वर्षं सांगणारी मी आणि करणारीही मीच. दांड्यावर त्याचा हात होता. माझा त्यावर पडला. विमानात पहिल्यांदाच मी त्याच्या हाताला हात लावत होते आणि मागे परीक्षक खाकरला.

मग हे असंच चालू राहिलं. एकटे उडणारे वैमानिक स्वतःशीच बोलतात, स्वतःच विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात. मी "इंधन?" म्हणायचे आणि त्यानं तोंड उघडायच्या आत "ठीक" म्हणून मोकळी. तो रेडिओवर बोलायला लागला की माझंही बोट बटणावर. मध्यावर आलो तेव्हा समोर आभाळ रिकामं होतं, तरी आम्हा दोघांचेही हात दिव्याच्या बटणाकडे गेले. परीक्षकानं विचारलं की समोर कोणी आहे का. नवरा म्हणाला, नाही. मी हात मागे घेतला.

डोंगरापलीकडे वारा आडवा होता. मी विमान खाली आणत होते आणि सहज माझी नजर उजवीकडे गेली. त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. मांडीवर म्हणजे गुडघे घट्ट पकडून, परक्याच्या घरी सोफ्यावर बसतात तसे. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. माझा नवरा विमानात इतका गप्प आणि इतका रिकामा मी कधी पाहिला नव्हता. तसा मी त्याला विमानात कधीच पाहिला नव्हता म्हणा. चाकं टेकली, चांगली टेकली, आणि मला आनंद झाला नाही.

उतरल्यावर परीक्षकानं पंखाखालीच निकाल दिला. "दोघंही उत्तम आहात. पण तुम्ही दोघं दोन विमानं उडवत होतात. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. एकानं कॅप्टनपण मनातून सोडायचं असेल, उजवी खुर्ची कायमची घ्यायची असेल, तर शिकवून तयार करता येईल. सोडल्यासारखं दाखवू नका, मला कळतं. संध्याकाळपर्यंत सांगा." आणि तो चहा शोधायला निघून गेला.

कंपनीच्या खोलीत आम्ही पहिल्यांदाच कामाच्या दिवशी एकत्र आलो. पडदे मी ओढले, कारण दुपारचं ऊन कुठून येतं ते मला माहीत. नळ त्यानं सोडला, कारण तो कसा फिरवायचा ते त्याला माहीत. चहा करून आम्ही पलंगाच्या कडेला बसलो. खिडकीखाली गॅरेजमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं. ठोकाठोक सुरू झाली तसा तो दचकला. रात्री गॅरेज बंद असतं, त्याला काय माहीत. मी सांगितलं की हे दुपारी उशिरापर्यंत चालतं आणि मग कानाला सवय होते.

बराच वेळ आम्ही घरातल्या गोष्टी बोललो. गळका नळ, सासूबाईंचे गुडघे, शेजाऱ्यांचा कुत्रा. मग तो कप खाली ठेवून म्हणाला, "मी बसतो उजवीकडे. त्यात काय मोठंसं."

"तुझे हात बघितले मी," मी म्हटलं.

"हातांना सवय होईल."

"होईल. तेच नकोय मला."

अगदी हळू, ओझं पडू नये अशा आवाजात त्यानं विचारलं, "मग तू बसशील?"

मी तोंड उघडलं. हो म्हणायचंच होतं. इतकी वर्षं कंपनीला शिव्या दिल्या, वेळापत्रकाला शिव्या दिल्या, देव समोर आला असता तर हेच मागितलं असतं. आणि आता देणारा पलंगावर माझ्याशेजारी बसला होता आणि माझ्याकडून तो एक शब्द निघेना. मला तो हवा होता, सकाळ-दुपार-रात्र हवा होता. आणि मला डावी खुर्चीही हवी होती. ढगातून वर आल्यावर जे ऊन अंगावर येतं आणि विचारायला कोणी नसतं, ते हवं होतं. त्याला ते माझ्याइतकंच हवं असतं हे जगात मला एकटीला पक्कं ठाऊक होतं, त्याच्या आईलाही नाही.

त्यानं माझी वाट पाहिली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे गं." त्या तीन शब्दांनी मी जी रडायला लागले ती गॅरेजची ठोकाठोक थांबेपर्यंत. तो काही समजावत बसला नाही. नंतर आम्ही एकाच उशीवर झोपलो, मधल्या जागेसाठी ढकलाढकली करत. तो घोरतो हे मी विसरले होते.

संध्याकाळी घड्याळसाहेबांना फोन त्यानंच केला. उत्तरेकडची वाट मी घेतो म्हणाला. साहेबांनी कारण विचारलं नाही, कधी रुजू होणार एवढंच विचारलं.

आता माझ्या उजवीकडे एक बडबडे गृहस्थ बसतात. आकडे नीट वाचतात, दांडा सांगितल्यावरच ओढतात आणि उरलेला वेळ त्यांच्या जावयाबद्दल बोलतात. मी डावीकडे असते. ढगातून वर आलं की ऊन येतं आणि ते मला अजूनही आवडतं. आवडू नये असं पुष्कळदा वाटतं, पण आवडतं.

उत्तरेकडून बस दीड दिवस घेते, त्यामुळे रविवार गेले. आमच्या वाटा कुठेच एकमेकींना ओलांडत नाहीत. तो तिकडे उत्तरेला, मी इकडे. घरातला पलंग आता रात्रंदिवस माझा एकटीचा आहे. आडवं-तिडवं कसंही झोपावं, कोण विचारतंय.

परवा सकाळी इंजिनं सुरू करून परवानगीची वाट बघत होते. खाली धुकं होतं. टॉवरमधल्या कंट्रोलरनं माझ्या वाटेवरची हवा सांगितली, वारा सांगितला. मी सगळं परत म्हणून दाखवलं. मग, का कोण जाणे, बटण दाबूनच ठेवलं आणि विचारलं की उत्तरेच्या वाटेवर हवा कशी आहे.

शेजारचे गृहस्थ जावयाचं थांबवून माझ्याकडे बघू लागले. कंट्रोलरला आमची सगळी कथा ठाऊक होती, विमानतळावर काय लपतं?

"उत्तरेला आभाळ स्वच्छ आहे," तो म्हणाला. "तुमचे मिस्टर आत्ताच तिकडून निघाले. निघताना त्यांनी तिकडच्या टॉवरमार्फत तुमच्या वाटेची हवा विचारली. रोजच विचारतात."

मी "समजलं" म्हटलं. रेडिओवर तेवढंच म्हणायचं असतं.