ठकीची खुडूक

खुडूक कोंबडी आणि रुसलेली नणंद, दोघींना हात लावायची सोय नसते. ठकीने चोच मारली, रक्त निघालं, तरी खरादीण बोट तोंडात घालून हसली. पोरगा गेल्यापासून पहिल्यांदाच. कोंबडी अखेर खुडूक झाली होती, अंडी उबवायला बसली होती.

पोराने जाताना मागे काय ठेवलं, तर एक कोंबडा. पिल्लू असताना सदऱ्याच्या खिशातून आणलेला, सगळ्या गल्लीवर गुरगुरणारा कोतवाल. मुलाच्या अपघातानंतर तिचा नवरा, लाकूड कातणारा खरादी, भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. कोतवाल आरवला की तेवढी कूस बदलायचा. आणि त्याच कोतवालाला भटक्या कुत्र्याने फाडलं. तिने पिसं गोळा केली, कुंपणाशी खड्डा केला आणि नवऱ्याला सांगितलं, "गिरणीवाल्याने नेलाय, त्याच्या कोंबड्यांत सोडायला." कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तिला काय कळत नव्हतं? पण या माणसाला आणखी एक मरण कुठल्या तोंडाने सांगायचं?

उरली होती ती कोतवालाची अंडी. जिन्याखालच्या गार कोपऱ्यात, कोंड्याच्या टोपलीत, निमुळतं टोक खाली करून तिने ती जपली होती. रोज हलकेच कलती करायची, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. पण अंडी काही लोणचं नव्हे, मुरत ठेवायला. दिवसागणिक त्यातला जीव उणावत होता आणि ठकी बसायचं नाव घेत नव्हती.

आता बसली होती. तरी लगेच खरी अंडी द्यायची नसतात. कोंबडी मध्येच उठली तर सगळंच गेलं. तिने नवऱ्यानेच कधीकाळी खरादावर उतरवलेली लाकडी अंडी ठकीखाली सरकवली. तेवढ्यात बहिणीच्या ऑपरेशनचा निरोप आला. परत आल्यावर खरी ठेवू, असं म्हणून ती निघाली.

परतली तेव्हा दारात खरादी उभा. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

"अगं, तू गेलीस त्याच दिवशी ठकी नुसत्या लाकडी अंड्यांवर खुडूक बसलेली दिसली," तो म्हणाला. "म्हटलं, एवढं तरी करावं. गार पाण्यात बुचकळली, जाळीच्या पिंजऱ्यात टांगली. खालून वारा लागला की उतरते ना ऊब. मोडली बघ खुडूक!"

आयुष्यभर तीच त्याच्या मागे लागायची, "अहो, हिची खुडूक मोडा, नुसती खाऊन बसलीय." त्या घरात ते काम त्याचंच होतं.

तिने ठकीला घरट्यात ठेवलं. ठकी अंग झाडून उठली आणि अंगणात दाणे टिपू लागली. गल्लीत दुसऱ्या कुणाकडे, अगदी गिरणीवाल्याकडेही, खुडूक बसलेली कोंबडी नव्हती. खरादिणीला नवऱ्याचा असा संताप आला, की लाकडी अंडं त्याच्या कपाळात घालावं. मग त्याच्या हनुवटीवर वस्तऱ्याने कापलेलं दिसलं. वस्तरा धरायची सवयच मोडली होती.

"भूक लागलीय गं," तो म्हणाला. कित्येक महिन्यांत हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता. "जिन्याखाली अंडी साठलीत, नासतील. दोन तळ."

तिने टोपली आणली. पहिलं अंडं वाटीत फोडलं. बलकावर बारीक पांढरं कडं होतं. कोंबड्याविना घातलेल्या अंड्यावर नुसता ठिपका असतो, कडं नसतं. दुसऱ्यावरही होतं. तिने दोन्ही तव्यात सोडली.

खरादी बोटं चाटत जेवला. आणखी मागितली, तिने आणखी फोडली. त्याच्या गालांवर रंग येत होता. टोपलीत नुसता कोंडा उरला.

"ठकी अंड्यावर आली की कोतवालाला घेऊन ये परत," तो घास घेत म्हणाला. "पोराचा कोंबडा आहे. यंदा त्याची पिल्लं काढू."

"खा आधी," ती म्हणाली. "गार होतंय."