माझ्या घणाचा नैवेद्य

माझा पुतळा उभारलाय असं गावात सांगितलं की लोक हसतात. हसू देत. किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलच्या दारात घण उगारून उभा असलेला तो लोखंडी लोहार मीच आहे, गेजीर. फरक एवढाच, की त्याला हॉटेलवाले रोज पुसतात आणि मला घरात कुणी विचारत नाही.

आम्ही पांडे, म्हणजे लोहारांचं कूळ. माझा थोरला भाऊ रंतून तापल्या लोखंडावर छोट्या हातोडीने टिचकी मारायचा आणि तिने दाखवलेल्या जागी मी घण घालायचो. त्याने हातोडी ऐरणीवर आडवी टाकली की थांबायचं. माझा घाव तिरका पडला तर तो पुन्हा टिचकी मारून सावरून घ्यायचा, कधी बोलून दाखवलं नाही. बोलला असता तरी मला ऐकू कुठे येतंय? डावा कान त्या ऐरणीनेच खाल्ला.

भाऊ गेला आणि भट्टी त्याच्या पोराकडे, आर्तावानकडे आली. हा देनपासार शहरात वेल्डिंग शिकून आलेला. कोयते-विळे आता कोण घेतं, म्हणाला, हॉटेलांना पुतळे हवेत, मासे हवेत, गरुड हवेत. साच्यात पत्रा दाबायला त्याने एक प्रेस आणला. मग मोटर, पट्टा आणि ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे जोडून एक यंत्रघण स्वतःच उभा केला. खालची पट्टी पायाने हळू दाबली की हळू घाव, जोरात दाबली की भुई हादरते. तो चहा मागत नाही आणि कंबर धरून बसत नाही.

"बापा, आता तुम्ही आराम करा," आर्तावान मला म्हणाला. आमच्यात काकालाही बापाच म्हणतात. म्हणायला काही लागत नाही.

मी आराम केला, म्हणजे भिंतीला टेकून बसलो आणि दिवसभर त्या यंत्राला शिव्या घातल्या. पान चघळायचो आणि त्याच्या पायथ्याशी थुंकायचो. आर्तावानची बायको सुकेर्ती कपाळाला हात लावायची.

"किती रंगवाल हो बापा? शेवटी तेही हत्यारच आहे."

"हत्याराला हात लागतो. याला लागतो पाय."

"मग तुम्ही हाताने लोखंड चपटं करून दाखवा, मी पायाला सांगते थांबायला," असं म्हणून ती हसत निघून जायची. तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता.

पण माझा घण माझ्याकडे होता. आजोबांनी तो किनाऱ्याला लागलेल्या एका फुटक्या जहाजाच्या पोलादी दांड्यातून घडवला होता आणि त्याच्या कुशीवर चंद्रकोरीसारखी खूण ठोकली होती. दर सहा-सात महिन्यांनी लांदेपचा शनिवार येतो. त्या दिवशी आम्ही कुठल्याच लोखंडाला कामाला लावत नाही. हत्यारं धुऊन पुसून ओट्यावर मांडायची, आणि ज्याने त्याने आपल्या हत्याराला आपल्याच हाताने नैवेद्य दाखवायचा, त्याला आपटलं-आदळलं त्याची माफी मागायची. माझी भट्टी गेली, काम गेलं. पण लांदेपला माझा घण माझ्या हातचं जेवतो तोवर मी पांडे आहे, एवढंच मी मनाशी धरून होतो.

मग त्या पुतळ्याचं काम आलं. आर्तावानने मला घण उगारून उन्हात उभं केलं आणि मोबाईलवर फोटो काढले. खांदा भरून आला तरी मी हललो नाही.

"आणि बापा, घण पण द्या. पुतळ्याच्या हातात खराच हवा. खोटा लगेच कळतो."

मी दिला. भुललो, दुसरं काय! या वयात कोण कुणाचा पुतळा करतो? पुतळा कापडात गुंडाळून ट्रकमधून गेला. पुढे एकदा तो मी रस्त्यावरून लांबून पाहिला, उगारलेला घण पाहिला आणि ऊर भरून आला.

त्यानंतरचा पहिला लांदेप आला. आर्तावान सकाळीच कुळाच्या देवळात गेला होता. मी सुकेर्तीकडून एक वेगळी परडी भरून घेतली. पिवळा भात, फुलं, उदबत्ती आणि बाटलीत भट्टीजवळच्या हौदातलं पाणी. ते आमच्यात तीर्थच असतं.

"कुठे निघालात एवढे नटून?"

"माझ्या घणाला जेवू घालायला."

"हॉटेलात? आत सोडतील का तुम्हाला?"

"पुतळ्याला सोडलं ना?"

हॉटेलच्या दारावरचा पहारेकरी शेजारच्या गावचा निघाला. "आजोबा, बाटलीत काय? दारू?"

"भट्टीचं तीर्थ आहे. मारू तोंडावर?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुतळ्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "अरेच्चा, हे तुम्हीच का? पुतळा जरा जास्त देखणा झालाय हो." पण जाऊ दिलं.

मी चौथऱ्यावर चढलो. पाहुणे फोटो काढायला लागले. त्यांच्याकडे पाठ करून मी परडी ठेवली, उदबत्ती लावली, उगारलेल्या घणावर पाणी शिंपडलं. "तुला दुसऱ्याच्या हाती दिलं, रागावू नकोस," असं म्हणालो आणि रडू आलं. लोक बघताहेत हे कळत होतं, तरी रडलो. उठताना सवयीने घणावर बोट वाजवलं. लोखंड हातात आलं की लोहार ते वाजवून बघतोच.

रिकामा डबा वाजला.

पुन्हा वाजवलं. माझ्या एका कानालाही कळलं. खालून हात फिरवला तर वेल्डिंगचा सांधा लागला. प्रेसमध्ये दाबलेले पत्र्याचे दोन अर्धे तुकडे एकमेकांना चिकटवले होते. मी डब्याला नैवेद्य दाखवला होता.

घरी आलो तेव्हा आर्तावान देवळातून परतला होता आणि ओसरीवर भात खात होता.

"माझा घण कुठाय?"

"कुठला? हां, तो होय. पुतळ्याच्या हाताला पेलेना बापा, हात वाकायला लागला. मग पत्र्याचा केला. लांबून काही कळत नाही."

"माझा कुठाय ते सांग!"

त्याने हनुवटीने यंत्राकडे दाखवलं. "वरचं तोंड सारखं दबत होतं. साधं लोखंड टिकेना. तुमच्या घणाचा दांडा बसवायचा डोळा कापून टाकला आणि बाकीचा वर बसवला. काय पोलाद आहे! ओरखडा नाही अजून. सांगणार होतो, पण थुंकायचं सोडून तुम्ही त्याच्याजवळ गेलात कधी?"

मी यंत्रापाशी गेलो. त्याला काळ्या-पांढऱ्या चौकडीचं वस्त्र नेसवलं होतं, पुढे फुलं, उदबत्तीची राख. वाकून पाहिलं. वरच्या तोंडाच्या कुशीवर आजोबांची चंद्रकोर होती. आणि खाली पायथ्याला माझ्या पानाचे लाल डाग होते. सुकेर्तीने घासले होते, पण निघाले नव्हते.

"सुकेर्ती," मी म्हणालो, "अजून एक परडी भर."

"आता कशाला? मी सकाळीच दाखवला की त्याला. आता पुन्हा जेवायला तो काय लग्नाला आलाय?"

माझी परडी तर उष्टी झाली होती. एकाला दाखवलेला नैवेद्य दुसऱ्याला चालत नाही. माझा घण जेवला होता, पोटभर जेवला होता, फक्त माझ्या हातचं नाही. सुकेर्तीवर कसा रागावू? तिने तर त्याला उपाशी ठेवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्तावानने भट्टी पेटवली. एका गरुडाच्या पंखासाठी लाल सळई यंत्राखाली धरली आणि पट्टीवर पाय ठेवला. मी पहिल्यांदाच त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"बाजूला व्हा बापा, ठिणगी उडेल."

मी हललो नाही. चंद्रकोर वर जात होती, खाली येत होती. सळई पानासारखी पसरत होती. तिथे टिचकी मारून जागा दाखवायला कुणी नव्हतं. एक तरी घाव तिरका पडावा म्हणून मी श्वास धरून उभा होतो. एकही पडला नाही. माझ्या हातात असताना तो इतका सरळ कधीच पडला नव्हता.