खळं आहे की नाही

ढगांच्या बाईंचा राग सदा नाकावर. तशा त्या शाळेत भूगोल शिकवायच्या, पण पोरांना गच्चीवर नेऊन आकाश बघायला लावायच्या म्हणून हे नाव पडलं. ढग उंचावर आहे की खाली, कडा गोलसर की विस्कटलेल्या, अंगात काळोख आहे की नुसताच पांढरा, सगळं आपल्या डोळ्यांनी बघून वहीत लिहायचं. शेजाऱ्याच्या वहीत डोकावलेलं बाईंना मुळीच खपत नसे.

आणि याच बाईंनी गेल्या सत्रात कहर केला होता. सूर्याभोवती मोठं गोल खळं, म्हणजे उजेडाचं कडं, दिसलं की वर पातळ ढगाचा पडदा आहे असं समजायचं, ही त्यांचीच शिकवण. पण त्यांना रोजच खळं दिसायला लागलं. आकाश निळंशार, पोरं लिहीत "ढग नाही", आणि बाई कडाडत, "डोळे आहेत की बटणं?" शेवटी पोरं मुकाट्याने खळं लिहायला लागली. कोण वाद घालणार! मग एका संध्याकाळी बाईंना स्वयंपाकघरातल्या दिव्यालाही खळं दिसलं, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

ऑपरेशनं झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता खळी-बिळी दिसायची नाहीत. दिसली, तर मात्र लगेच या." तो "तर" बाईंच्या मनात ठाण मांडून बसला. आकाशच धड दिसलं नाही, तर शिकवायचं काय, कपाळ?

आज त्या पहिल्यांदाच वर्ग घेऊन गच्चीवर आल्या. त्यांची थोरली बहीण, ताई, डोळ्यांत घालायचे थेंब घेऊन जिन्यात पहाऱ्याला बसलेली. बाईंनी काळा चष्मा सारखा केला, कपाळावर हात आडवा धरला आणि वर पाहिलं. सूर्याभोवती खळं होतं, चांगलं मोठं.

"लिहा," त्या कशाबशा म्हणाल्या. "कुणी कुणाशी बोलायचं नाही."

वह्या एकेक करून हातात आल्या. आकाश स्वच्छ. ढग नाही. खळं नाही. कुणी कुणी तर "खळं नाही" लिहून खाली दोन-दोन रेघा ओढल्या होत्या.

बाई मटकन कठड्यापाशी खाली बसल्या. रागवायचंही त्राण उरलं नव्हतं. "बरोबर लिहिलंत रे पोरांनो," त्या म्हणाल्या, "मलाच अजून खळं दिसतंय. ऑपरेशन फुकट गेलं माझं. उद्यापासून तुम्हाला दुसरं कुणीतरी शिकवेल." बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले.

पोरांची तोंडं एवढीशी झाली. सगळी एकमेकांकडे बघायला लागली. उठसूट हुज्जत घालते म्हणून वर्ग जिला वकीलबाई म्हणे, तिला मात्र राहवेना.

"बाई, खळं आहे! सगळ्यांना दिसतंय. पण काल ताई शाळेत येऊन आम्हाला दम देऊन गेल्या. काही झालं तरी खळ्याचं नाव काढायचं नाही, बाई धास्ती घेतील म्हणाल्या."

"माझी समजूत घालतेस होय?" बाई डोळे टिपत म्हणाल्या. "मागे भीतीपोटी खळं लिहिलंत, आज मायेपोटी पुसलंत. आता मी तुमचं काय खरं मानू?"

पण वकीलबाई कसली ऐकतेय! "आमचं नकाच मानू. बाई, तुम्ही सांगितलं होतं ना, ते घरच्या दिव्याचं खळं दिवा झाकल्यावर राहायचं का?"

"छे. दिवा आड गेला की तेही जायचं."

"मग सूर्य झाका ना! डोळ्यातलं असेल तर जाईल. वरचं असेल तर कुठे जातंय?"

बाई उठल्या. पाण्याच्या टाकीच्या सावलीत शिरून, सूर्य टाकीआड पुरता दडेपर्यंत त्या सरकत राहिल्या, आणि मान खाली घालून तशाच उभ्या राहिल्या. वर बघायचा धीरच होईना.

"बघा ना, बाई!"

त्यांनी बघितलं. सूर्य गेला होता. आणि टाकीच्या वरून, दोन्ही बाजूंनी, खळं जिथल्या तिथे होतं. आतली तांबूस कडसुद्धा दिसत होती. त्यांनी चष्मा काढून पुन्हा बघितलं.

"आहे," त्या पुटपुटल्या. मग एकदम ओरडल्याच, "अगं बाई, आहे की गं! खरंच आहे!"

त्यांनी वकीलबाईला असं कवटाळलं की पोरगी गुदमरली. बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या, शिट्ट्या मारल्या. बाई हसत होत्या, रडत होत्या, पदराने तोंड पुसत होत्या. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं त्यांना. मग त्यांनी वह्यांचा गठ्ठा उचलला.

"एवढं ढळढळीत खळं डोक्यावर, आणि लिहिता खळं नाही? सगळ्यांना शून्य!"

गलका ऐकून ताई धापा टाकत वर आली. "अगं, काय झालं? दिसतंय ना तुला नीट?"

"दिसतंय, ताई, सगळं दिसतंय!" बाई म्हणाल्या. "आणि तुलाही शून्य!"