सुधारलेला डबा

मित्रांनो, मी गॅलरीतल्या झाडांना पाणी घालणारा एक जुना डबा आहे. जुना म्हणजे तरी किती, माझ्या अंगावर अजून एक चरा नाही. पण ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही तो जुनाच, असं आपलं माझं मत आहे.

माझा जन्म बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात झाला. या घरातली आई सॉफ्टवेअर इंजिनिअर. आठवडाभर ती दार लावून ऑफिसच्या मीटिंगा करायची आणि सुट्टीला जेवणाच्या टेबलावर तारा, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर असा सगळा पसारा मांडायची. समोरच्या खुर्चीत तिची लेक. तिला घरात सगळे टिंगू म्हणत. आठवड्यात मायलेकींची धड गाठ पडायची ती याच टेबलावर. बाहेरगावी गेलं की झाडं वाळतात, त्यावर काहीतरी करायचं टिंगूच्या डोक्यात आलं. आई म्हणाली, "कर की. अडलं तर विचार."

टिंगूने मला कसा केला, सांगू? कुंडीच्या मातीत दोन खिळे खोचले. माती ओली असली की खिळ्यांमधून वीज जाते, सुकली की जायची थांबते. थांबली की माझी मोटर बादलीतलं पाणी ओढून कुंडीत सोडणार. तारा डकवायला वितळवलेल्या सोल्डरचे थेंब तिने बोरांएवढे पाडले. तारांचा असा काही गुंता केला होता की माझं मलाच कळेना, कुठली कुठे गेली. शिवाय पाणी सोडण्याआधी मी पिप पिप असा आवाज करायचो. आईने विचारलं, "हे कशाला गं?"

"झाडांना आधी सांगायला नको? एकदम गार पाणी अंगावर आलं तर दचकतील ना ती."

आई पोट धरून हसली. त्या दिवसांत मी अधूनमधून बंद पडायचो, एकदा तर सगळी गॅलरी भिजवली. टिंगू मला मांडीवर घ्यायची, तार हलवून बघायची, आणि मी पुन्हा सुरू व्हायचो. मला वाटायचं, आपलं आयुष्य असंच जाणार.

पण आईच्या हातांना चैन नव्हतं. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासायचे, चुका काढायच्या, नीट करून ठेवायचे, हेच तिचं ऑफिसातलं काम. वाकडं काही दिसलं की तिला राहवत नसे. शाळेत प्रदर्शन ठरलं, तशी ती माझ्याकडे काळजीने बघू लागली. ऐन वेळी हे बंद पडलं तर पोरीचं तोंड एवढंसं होईल, असं ती टिंगूच्या बाबांना म्हणाली. वाईट तिच्या मनात काहीच नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी टिंगू शाळेत असताना आईने रजा काढली आणि मला उघडलं. खिळे गेले, त्यांच्या जागी बाजारातला सेन्सर आला. गुंता गेला, तारा ओळीत लागल्या. पत्र्याचा डबा भंगारात गेला, मला प्लास्टिकचं गुळगुळीत घर मिळालं. प्रोग्रॅम तिने पहिल्यापासून लिहिला, आणि पिप पिप काढून टाकलं. कारण काय, तर त्याचा उपयोग नाही. मला बोंब मारायची होती हो, पण आवाजच तर तिने काढून घेतला होता.

टिंगू आली. आई म्हणाली, "बघ. तुझंच आहे, मी फक्त जरा नीटनेटकं केलंय."

टिंगूने झाकण उघडलं, आत पाहिलं आणि बंद केलं. "छान झालंय," ती म्हणाली. आईचा चेहरा खुलला. मला तिने मांडीवर मात्र घेतलं नाही.

प्रदर्शनात मी झोकात चाललो. परीक्षक बाईंनी टिंगूला विचारलं, "हे कसं चालतं, सांगशील?" ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्यात तिच्या ओळखीचं होतंच काय? "मला माहीत नाही. आईला विचारा," ती म्हणाली. तरीही बक्षीस मिळालं. घरी येताना ते आईच्याच हातात होतं.

पुढच्या सुट्टीला आईने पसारा मांडला तेव्हा टिंगूने अभ्यास आहे म्हणून सांगितलं. त्यापुढच्या सुट्टीला तिचं डोकं दुखत होतं. नंतर आईने हाक मारणंच सोडलं. बाबा एकदा म्हणाले, "अगं, तिचं तिला करू द्यायचंस." आई म्हणाली, "तिच्यासाठीच केलं ना मी?" आणि एकटीच स्क्रू पिळत बसली. पुढे तिला उमगलं. जुना पत्र्याचा डबा चुकून घरात राहिला असेल म्हणून तिने माळा उपसला, पण भंगारात गेलेली वस्तू का परत मिळते?

परवा तिने एक वेडेपणा केला. माझी चांगली चालणारी तार स्वतःच उपटली आणि हाक मारली, "टिंगू, डबा बंद पडलाय गं. बघतेस का जरा?"

टिंगू आली. आता ती आईच्या खांद्याला लागते. मला मांडीवर घेईल म्हणून मी आस लावून होतो. तिने लोंबणारी तार पाहिली, बोटाने बाजूला सारली.

"टाकून दे ना आई. मी घालत जाईन पाणी."

ती पाण्याने भरलेला मग घेऊन आली, प्रत्येक कुंडीत पाणी ओतलं आणि आत गेली. आई स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून उभी राहिली. मला जोडावं हेही तिला सुचलं नाही.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमचं वाकडंतिकडं काम कोणी मायेने सरळ करायला आलं, तर त्याचा हात धरा. भांडा, रुसा, आदळआपट करा, पण मुकाट्याने उठून जाऊ नका. टिंगू तेव्हा एकदा भांडली असती, तर तिच्या आईने नक्की ऐकलं असतं. आता आई ऐकायला तयार आहे, आणि टिंगूला तिच्याशी भांडावंसंच वाटत नाही.