जरा सांभाळून घ्या

इफ्फत माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि अकरा वाजता तिनं मिरजोळ्याच्या एमआयडीसीत असायला हवं होतं. आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात तिचं ट्रेनिंग चालू होतं. तो पाचवा दिवस.

"काय गं? बरं नाही का?"

"बरी आहे." पांढऱ्या काठीची घडी करून तिनं ती पर्समध्ये ठेवली, चाचपून खुर्ची ओढली आणि बसली. "मॅडम, मी जायच्या आधी तुम्ही शेट्येसरांना फोन केलेला?"

केला होता. शेट्ये तिथल्या ऑफिसचे मॅनेजर, त्यात लपवण्यासारखं काय होतं? मी हसून म्हटलं, "केला की. ओळख करून द्यायला नको?"

"काय सांगितलेलंत?"

हे मात्र तिनं ज्या आवाजात विचारलं, त्यानं मी हातातला बसपासचा अर्ज खाली ठेवला.

मी या कॉलेजात कनिष्ठ लिपिक आहे. बसपास, बोनाफाइड, फॉर्मवरच्या राहिलेल्या सह्या हे माझं खरं काम. अकरा वर्षांपूर्वी प्राचार्यांनी 'दिव्यांग विद्यार्थी कक्ष' अशी पाटी करून आणली आणि कुणीच पुढे होईना म्हणून माझ्या गळ्यात मारली. गळ्यात पडलेलं काम मी जीव ओतून केलं. हे माझं मीच सांगते, कारण दुसरं कोण सांगणार? मुलांना परीक्षेला लेखनिक शोधून देणं, सर्टिफिकेटांसाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या फेऱ्या मारणं आणि शेवटच्या वर्षी त्यांना कुठल्या तरी ऑफिसात कामाचा अनुभव मिळवून देणं. आता नव्या अभ्यासक्रमात सगळ्यांनाच एकशे वीस तास बाहेर काम करावं लागतं. माझी मुलं सक्ती नव्हती तेव्हापासून जात होती, हा माझा अभिमान.

इफ्फत नाटे गावची. तिला जन्मापासून दिसत नाही. कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती, इथं हॉस्टेलला राहायची. कॉम्प्युटर तिला पडद्यावरचं वाचून दाखवतो, तेही इतक्या भराभर की मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. तिला मी पंधरा दिवस तयार केलं होतं. बसथांब्यापासून कारखान्याच्या गेटपर्यंत आम्ही दोघी सहा वेळा चाललो. उघडं गटार कुठं आहे, ट्रक कुठून वळतात, कुत्री कुठं झोपतात, सगळं. पुठ्ठ्यात खाच कापून सहीची पट्टी करून दिली, म्हणजे सही ओळीत येते. बाथरूम कुठं आहे हे पहिल्याच दिवशी विचारायचं, लाजायचं नाही, हेही पढवलं. मी खोटा मॅनेजर होऊन तिची मुलाखत घ्यायचे आणि ती मला म्हणायची, "मॅडम, मॅनेजर एवढं गोड बोलतो होय?"

"सांगा ना," इफ्फत म्हणाली.

"म्हटलं, पोरगी हुशार आहे, पण तिला अजिबात दिसत नाही. जरा सांभाळून घ्या. जोखमीचं काही देऊ नका. एकशे वीस तास भरले की झालं." सांगताना ते मला फारसं बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही. "तुझ्या भल्यासाठीच ना गं?"

"चार दिवसांत मी सात चहा प्यायले," ती म्हणाली. "एक खुर्ची दिलेय, पंख्याखालची. काम द्या म्हटलं तर शेट्येसर म्हणतात, तुमच्या मॅडमनीच सांगितलंय, आरामात बसा, सर्टिफिकेट मिळेल. बाहेर सीझन चाललाय मॅडम. फोन वाजत असतात, उचलायला माणूस नाय. आणि मी बसलेय."

"मग चांगले आहेत की ते. आपली काळजी करतायत."

"अब्बांनी सांगितलंय, परीक्षा झाली की घरी. नोकरी लागली तरच रत्नागिरी." तिचे अब्बा, अक्रमभाई, बावीस वर्षं बोटीवर होते. मुलीला शिकवलं हेच खूप झालं, आता डोळ्यांसमोर राहू दे, असं त्यांचं म्हणणं. "नाट्याला घरी मी काय करणार? ओसरीवर बसणार. तिथं पण पंखा आहे."

मला राग आला. खरंच सांगते, तिची कीव येण्याआधी राग आला. अकरा वर्षांत कुणी असं तोंडावर बोललं नव्हतं. "तू एकटी नाहीस," मी म्हटलं. "तेवीस मुलं पाठवलीत मी. गंगारामला विचार. थांब, आत्ताच विचारूया."

गंगाराम पालीचा. लहानपणी पोलिओनं एक पाय गेलेला, कुबडीवर चालायचा. नऊ वर्षांपूर्वी मी त्याला एका पतसंस्थेत महिनाभर लावून दिलं होतं. आता पालीच्या बाजारात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दर वर्षी तो मला आठवणीनं फणस आणून देतो. कुणी पाहुणे आले की मी त्याचंच उदाहरण देते. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"गंगाराम, माझ्यासमोर एक विद्यार्थिनी बसलीय. ती ऐकतेय. तुला त्या पतसंस्थेत काय काय शिकायला मिळालं, तेवढं हिला सांग."

पलीकडे दुकानातला रेडिओ ऐकू येत होता. तो त्यानं बंद केला.

"पोरगी ऐकताय ना?" तो म्हणाला. "मंग खोटं नाय बोलत, मॅडम. तितं मी पेपर वाचले. म्हैनाभर. तीन पेपर यायचे, तिन्ही वाचायचो. पयल्या दिवशी एका पार्टीचं खातं उघडायला बसलो, तर सायब धावत आले. म्हनाले, तू कशाला तरास घेतोस, तुमच्या मॅडमचा फोन आलेला."

"अरे, मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमी किती धावलांत आमच्यासाठी. तुमाला काय सांगनार? वायट वाटलं आसतं तुमाला." मग घाईघाईनं, "दुकानाचं काम मी नंतर मुंबयला मामेभावाकडं शिकलो. तो लय ओरडायचा. वायच मनाला लावून घेव नका, मॅडम."

मी फोन ठेवला.

कपाटात एक फाइल आहे. ती काढायची गरज नव्हती, तरी काढली. तेवीस सर्टिफिकेटं. "काम अतिशय समाधानकारक." "वर्तणूक उत्तम." "अतिशय समाधानकारक." एकाही मुलाचं एकही काम चुकलेलं नाही. दर वर्षी ती फाइलला लावताना माझी छाती फुगायची. एकाही ऑफिसात कुणीच कधी चुकत नाही असं कसं होईल, हा साधा विचार अकरा वर्षांत मला शिवला नव्हता. फॉर्मवर दोनदा चुकीची जन्मतारीख घातली म्हणून मला स्वतःला मेमो मिळालेला आहे.

"चल," मी पर्स उचलत म्हटलं. "रिक्षा करू. मी येते, शेट्येंशी बोलते."

"तुम्ही येऊ नका." ती उठली नाही. "परत मला कोणीतरी घेऊन आलं असं दिसेल. फोनवर सांगितलेलंत ना? मग फोनवरच परत घ्या. माझ्यासमोर."

तेवढं मात्र अवघड गेलं. मी नंबर लावला.

"शेट्ये, मी कॉलेजातून राजश्री बोलतेय. इफ्फतबद्दल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं."

"काय झालं मॅडम? आम्ही काय कमी केलं का? चहापाणी, पंखा..."

"तेच नको. तिला काम द्या. फोन घेईल, ऑर्डरी कॉम्प्युटरवर टाकेल."

गौरव शेट्ये माणूस वाईट नव्हता. "मॅडम, सीझन आहे. चूक झाली तर माल भलतीकडे जातो. मला निस्तरावं लागतं."

"चुकली तर ओरडा."

"ओरडू?"

"बाकीच्यांवर ओरडता ना? तसंच."

समोर इफ्फत खाली मान घालून हसू दाबत होती. शेट्ये म्हणाले, "दोन दिवस फोन देऊन बघतो. पण मग नंतर तुमचा फोन यायचा नाही हां." मी हो म्हटलं.

दोन दिवसांचे दहा दिवस झाले. मी फोन केला नाही. बोटं शिवशिवायची, पण नाही केला. संध्याकाळी इफ्फत आपणहून एखादं वाक्य सांगायची. सांगलीचा व्यापारी फार बोलतो. ऑफिसातली सानवी डबा खाताना तिच्या शेजारी बसायला लागली, आधी लांब बसायची. आणि अकराव्या दिवशी भर दुपारी तिचाच फोन आला. रडत होती.

"मॅडम, मी घाण करून ठेवली. कोल्हापूरच्या पार्टीची ऑर्डर एक ओळ खाली टाकली. निपाणीवाल्याच्या नावावर. गाडी निपाणीत जाऊन उभी राहिली. सर सगळ्यांसमोर ओरडले."

माझा हात टेबलावरच्या दुसऱ्या फोनकडे गेला होता. "मी बोलू का त्यांच्याशी?"

"नको." नाक ओढल्याचा आवाज आला. "मी उपाय सांगितलाय त्यांना. आता प्रत्येक ऑर्डर टाकली की त्याच पार्टीला नाव आणि माल परत वाचून दाखवणार, मगच फोन ठेवणार. सर म्हणाले, हे पहिल्या दिवसापासून का नाय केलंस? मॅडम, मी फक्त रडायला फोन केलाय."

मग ती रडली आणि मी ऐकलं. दुसरं काही केलं नाही. अकरा वर्षांत इतकं कठीण काम मी केलं नव्हतं.

मे महिन्याच्या शेवटी ती बंद पाकीट घेऊन आली. कंपनीचा अहवाल कॉलेजनंच उघडायचा असतो. उकाडा असह्य होता, दोघी घामानं भिजलो होतो, आणि ती नेहमीसारखी न बसता उभीच राहिली.

"वाचा," ती म्हणाली.

मी पाकीट फोडलं. वक्तशीरपणा, दहापैकी सात. कॉम्प्युटर, सात. फोनवरचं बोलणं, दहा. खाली शेट्येंनी आपल्या वाकड्या अक्षरात चारपाच ओळी खरडल्या होत्या. मी मोठ्यानं वाचल्या. "गिऱ्हाईक फोनवर यांनाच मागते. कामाची समज चांगली. शंका आली तर विचारत नाहीत, विचारले पाहिजे. जूनअखेर कॅनिंग संपेपर्यंत पगारावर ठेवत आहे. पुढचे काम बघून ठरवू."

"लागली!" मी ओरडलेच. "इफ्फत, नोकरी लागली!"

ती हसली. मग तिनं विचारलं, "निपाणीचं लिहिलं नाय?"

लिहिलं होतं, पहिल्याच ओळीत. मी ती ओळ सोडून वाचायला सुरुवात केली होती आणि तसं करतेय हे मला कळलंही नव्हतं.

"लिहिलंय," मी म्हटलं. "चुकलं माझं."

तिनं पर्समधून मोबाइल काढला, बोटानं चाचपून काहीतरी दाबलं आणि माझ्या तोंडासमोर धरला. "आता पहिल्यापासून वाचा. रेकॉर्ड करते. अब्बांना पाठवायचंय."

"चुकीसकट?"

"चुकीसकट. नायतर त्यांना खरं वाटायचं नाय."

मी घसा खाकरला आणि वाचायला लागले. "एकदा ऑर्डर चुकीच्या पार्टीच्या नावावर टाकल्याने गाडी निपाणीहून परत फिरवावी लागली..."