बोरीवरचे चौदा पाहुणे

कतारमध्ये हमिंगबर्ड नसतात, हे मला माहीत आहे. त्या चौदा जणांना माहीत नव्हतं, त्याला मी काय करू? अमेरिकेतला अंगठ्याएवढा पक्षी अर्धी दुनिया ओलांडून दोहातल्या अल अझीझियात कसा पोचला, असं कौशिकनंही विचारलं होतं. मी म्हटलं, तू पुण्याहून इथं कसा पोचलास? त्यांच्यातही एजंट असतील.

आम्ही तिघं एका व्हिलाच्या मागच्या खोल्यांत राहायचो. मी एसी दुरुस्तीवाला, एकतीस वर्षं झाली या वाळवंटात गार हवा वाटतोय. कौशिक वेस्ट बेच्या एका बँकेत दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला, हुशार, पण उकडलेलं अंडं सोलायलाही यूट्यूब लावणारा. आणि धनाजी, जावळीकडचा सुतार. त्यानं बसवलेलं दार इतकं नेमकं बसायचं, की एका शेखसाहेबांच्या दिवाणखान्यातला पुरणपोळीएवढा उन्हाचा तुकडा आत अडकला तो तीन दिवस बाहेर पडू शकला नाही.

धनाजीची सुट्टी मंजूर झाली होती. सोळा एप्रिलचं तिकीट, वीस एप्रिलला त्याच्या मुलीचं, शालूचं, लग्न. थोरल्याच्या, रामेश्वरच्या, लग्नाच्या वेळी कंपनीनं सोडलं नव्हतं. ते लग्न त्यानं साइटवर मोबाइलमध्ये बघितलं आणि नेमकी मंगलाष्टकांत रेंज गेली. रेंज आली तेव्हा पंगतीत जिलेबी वाढत होते. तेव्हापासून धनाजी जिलेबी खात नाही. या खेपेला मात्र त्यानं फेब्रुवारीतच बॅग भरून कॉटखाली सरकवली होती.

मार्चमध्ये शेजारचा अमेरिकन इंजिनिअर देश सोडून गेला आणि नको असलेलं सामान गेटपाशी ठेवून गेला. त्यात पाखरांना साखरपाणी पाजायची एक काचेची बाटली होती, खाली लाल प्लॅस्टिकची फुलं, फुलांना भोकं. धनाजीला ती आवडली. त्यानं तिच्यात साखरपाणी भरून अंगणातल्या बोरीला टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा घेत होतो, तर बाटलीभोवती चौदा पाखरं जागच्या जागी तरंगत होती. हिरवी पाठ, लाल गळा, दाभणासारखी चोच.

कौशिकनं मोबाइलवर शोधाशोध करून मला सांगितलं, "काका, हे मायग्रेटरी आहेत. स्थलांतर करणारे. एक-दोन दिवस पोट भरतात आणि पुढे जातात."

"पोट भरत्यात म्हंजे?" धनाजी म्हणाला. "परमुलखातनं आलेली माणसं, त्यांच्याफुडं नुसतं साखरपाणी ठिवलं व्हय मी?"

तिथं सगळं बिघडलं.

धनाजीच्या गावाकडं पाहुण्याला आग्रह करायची रीत अशी, की पाहुणा ताटावर आडवा पडला तरी त्याच्या पाठीवर एक पोळी ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाण्यात वेलदोडा पडला. तिसऱ्या दिवशी केशर. चौथ्या दिवशी पातळ बासुंदी. शुक्रवारी सुट्टी म्हणून कटाची आमटी झाली, ती पिऊन चौदाही जणांना उचकी लागली, आणि दर उचकीला ते वीतभर मागे जायचे, पुन्हा वीतभर पुढे यायचे. धनाजी खाली उभा राहून म्हणत होता, "एक घोट घ्या अण्णा, माझी शपथ हाय. वैनी, तुम्ही तर काहीच घेईनासा."

कोण वहिनी, कोण अण्णा, हे त्याला कसं कळायचं कोण जाणे. पण त्यातला एक वयस्कर होता खरा. गळ्यावरचा लाल पट्टा थोडा उडालेला. त्याचं नाव अण्णाच पडलं.

पंधरवड्यात ती पाखरं अंगठ्याची लिंबाएवढी झाली, लिंबाची चिकूएवढी. एप्रिल लागला तेव्हा अण्णा रत्नागिरी हापूसच्या वजनाचा होता. एवढं अंग हवेत धरायचं म्हणजे पंखही तसेच चालवावे लागणार. गल्लीत असा घुमारा उठायचा, की लोक मला फोन करून सांगायचे, गोविंदराव, आमचा कॉम्प्रेसर गेला. मी तीन चांगले कॉम्प्रेसर खोलून बघितले. बोरीखाली वारा असा सुटायचा, की ओला टॉवेल चार मिनिटांत पापडासारखा वाजायचा. दमली की सगळी एकाच फांदीवर बसायची, ती जमिनीला टेकायला आली.

आणि जायचं नाव कुणी घेईना.

दहा तारखेला विठाबाईंचा, म्हणजे धनाजीच्या मंडळींचा, फोन आला. आम्हाला ऐकू जावं म्हणूनच बहुतेक, त्या मोठ्यानं बोलत होत्या.

"सोळाला निघताय न्हवं?"

"निघतो की. पावणे गेले की निघतो."

"कसले पावणे?"

धनाजीनं सांगितलं.

"थोरल्याच्या येळेला कंपनी आडवी आली. आता पाखरं?"

"आगं, पावणे घरात आन् मालक बॅग घेऊन भाईर, असं आपल्यात कधी झालंय का? माझ्या बापानं तालुक्याच्या कोर्टाची तारीख चुकवली, पर पावण्याला उठवलं न्हाई."

"शालू इचारतीया, बाबा येणार हायत का न्हाई. काय सांगू तिला?"

फोन झाल्यावर धनाजी कॉटखालची बॅग बाहेर ओढून तिच्यावर बसून राहिला. मग उठला आणि दूध आटवायला ठेवलं, संध्याकाळच्या बासुंदीसाठी.

आता हे आम्हाला बघवेना. मी म्हटलं, तू त्यांना खायला घालणं बंद कर, दोन दिवसांत जातील. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पाण्यात विष घालायला सांगितलं. कौशिक म्हणाला, "धनाजीदादा, लॉजिकली बघा, ते तुम्हाला होस्ट समजतच नाहीत."

"त्यांनी समजू नये. म्या समजतो ना."

मग मी माझी विद्या वापरली. दोन टनी एसीचं बाहेरचं युनिट फिरवून त्याचा गरम झोत झाडावर सोडला. चौदाजण झोतात शिरले, पंख शेकून घेतले आणि उतरून युनिटच्या जाळीवर ओळीनं बसले, थोरल्या भावाकडं बसावं तसे.

बारा तारखेला व्हिलाच्या मालकीणबाई आल्या. अमिना त्यांचं नाव, साठीच्या, कडक, हिंदी आपल्यापेक्षा बरी. घुमाऱ्याची तक्रार त्यांच्यापर्यंत गेली होती. सगळी हकीकत ऐकून त्या हसल्या नाहीत. पाहुण्यांचा विषय इथंही हसण्यावारी नेत नाहीत.

"हमारे यहाँ मेहमान तीन दिन," त्या म्हणाल्या. "उसके बाद खलास. तुम्हारे यहाँ?"

"हमारे यहाँ मेहमान का मन," धनाजी म्हणाला.

बाईंनी कपाळाला हात लावला आणि घरातून उदाची धुपाटणी आणवली. इथली रीत अशी, की बैठकीत उदाचा धूर फिरवला की पाहुण्यांनी समजायचं, आता उठायचं. कुणाला तोंडानं जा म्हणावं लागत नाही, कुणाचा मान जात नाही. बाई स्वतः बोरीभोवती तीन वेळा फिरल्या. धूर वर चढला. पाखरांनी डोळे मिटले. मला वाटलं, जमलं.

पण धनाजीनं धूप पाहिला आणि हात जोडले. धूप झाला म्हणजे नैवेद्य आला. तो आत पळाला आणि शेवयांची खीर घेऊन आला. बाईंनाही वाटी दिली. त्या रागावलेल्या होत्या, पण खीर चांगली होती, त्यांनी दुसरी वाटी घेतली. तिसरीला नको म्हणाल्या तर धनाजीनं त्यांनाही शपथ घातली. बाई त्या दिवशी संध्याकाळी सातला घरी गेल्या.

पंधरा तारीख उजाडली. दुसऱ्या दिवशी पहाटे विमान. धनाजीनं बॅगेतून शालूचा शालू बाहेर काढला, घडी मोडून पुन्हा घातली, आणि मला म्हणाला, "गोविंदराव, एवढं कुणी जाणारं असंल तर त्याच्यासंगं धाडा." मी त्याच्यासमोरच विठाबाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बोरीकडं फिरवला.

विठाबाईंनी एकेक पाखरू निरखून घेतलं. मागे मांडवाचे वासे दिसत होते.

"ह्यो म्हातारा कोन?"

"ते अण्णा," धनाजी म्हणाला.

"खाल्लंय चांगलं." मग त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही त्यास्नी लग्नाचं आवतान दिलं का?"

धनाजीनं नाही अशी मान हलवली.

"महिनाभर घरात पावणे हायत, घरात कार्य हाय, आन् बोलावनं न्हाई. कुठल्या तोंडानं निघतील ते? त्यास्नी वाटलं आसंल, हितंच जेवा आन् हितंच ऱ्हावा म्हणत्यात, मांडवात नको म्हणत्यात. माझ्या माहेरी असं केलं असतं तर सात पिढ्या बोलनं तुटलं असतं."

धनाजीनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मग आंघोळ केली, इस्त्रीचा सदरा घातला, टोपी घातली. कौशिकनं वाटीत तांदळाला कुंकू लावलं, यूट्यूब न बघता. मी फोन धरला, म्हणजे विठाबाईही हजर. धनाजीनं मोबाइलवर आलेली पत्रिका झाडाखाली उभा राहून पहिल्यापासून वाचली. कुलदैवताची कृपा, मुहूर्त, लग्नस्थळ, आजोळचे, भावकीचे, सगळी नावं. एकही चुलता गाळला नाही. सात मिनिटं लागली. बाटलीवर एकाचीही चोच नव्हती. वाचून झाल्यावर त्यानं अक्षता फांदीवर ठेवल्या आणि म्हणाला, "अण्णा, वैनी, सगळ्या मंडळींसकट यायचं. आग्रेव आहे."

"आग्रह आहे," कौशिक कुजबुजला.

"त्योच."

अण्णा पुढं आला. त्यानं एक दाणा चोचीच्या टोकाला टोचून घेतला, कानातल्या मोत्यासारखा. मागून एकेकानं घेतला. मग चौदाही जण एकदम उठले. ओझं उतरल्यावर फांदी अशी उसळली, की तिच्यावर वाळत घातलेला कौशिकचा टॉवेल तीन घरं सोडून एका डिश अँटेनावर जाऊन बसला. पाखरांनी व्हिलाला एक फेरा घातला आणि तोंड पूर्वेकडं केलं. गल्लीतला घुमारा थांबला. मला उगाच वाटलं, सगळ्या गल्लीचे एसी बंद पडले.

पहाटे मी धनाजीला विमानतळावर सोडलं. पुढचं त्यानं सांगितलेलं: समुद्रावर असताना खिडकीतून चौदा ठिपके दिसले, पंखाच्या आडोशानं, वारा लागू नये अशा बेतानं चाललेले. विमान मुंबईत वीस मिनिटं आधी उतरलं. पायलटला कारण सांगता येईना.

लग्न मी मोबाइलवर बघितलं, अल अझीझियातल्याच एका गच्चीवर, अर्ध्या खोललेल्या मशिनीजवळ बसून. मंगलाष्टकं पूर्ण ऐकली, रेंज गेली नाही. अंतरपाट चौदा जणांनी चोचीत धरला होता, एक सुरकुती नाही. भटजी "सावधान" म्हणाले तरी ते सोडेनात, अक्षता संपत आल्या. शेवटी धनाजीनं वर बघून हात जोडले, तेव्हा अंतरपाट उतरला आणि शालूनं आधी बापाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. पंगतीत धनाजीनं जिलेबी खाल्ली. चार.

सुट्टी तीस दिवसांची होती. आता पन्नास झालेत. कंपनीचा फोरमन रोज मला विचारतो. काल मी फोन लावला, तर विठाबाईंनी उचलला. मागे घुमारा येत होता, आणि पातेल्यात पळी फिरल्याचा आवाज.

मी म्हटलं, "वहिनी, पाहुणे?"

"हाईत की. परवा निघतो म्हनत होते. म्या म्हटलं, परसातला फणस तेवढा पिकू द्या."

"आणि धनाजी?"

"पावणे घरात असताना हे कसे निघतील, भावजी? बरं, ठेवते आता. साखर सरलीय, यांना दुकानात धाडायचंय."