रेषेवरचा ठसा

"पाटी सरळ लाव रे चिमो, डावीकडे झुकलीये," एन्कार्ना खालून म्हणाली. पडली तर बरंच, असं मात्र मनातल्या मनात.

चिमो टेनिस क्लबचं कँटीन चालवायचा. शिडीवरून त्यानं खाली पाहिलं. "एरंडेल प्यायल्यासारखं तोंड काय केलंयस? मैत्रिणीचं नाव लागतंय कोर्टाला. आनंद मान की."

"मानतेच आहे. नाचून दाखवू का?"

पाटीवर निळ्या अक्षरांत 'रोसर फेरांदो कोर्ट' असं लिहिलं होतं. बारा वाजता महापौरबाई येणार, भाषणं होणार, मग सगळ्यांना पाएयाचा भात. एन्कार्ना पहाटेपासून राबत होती. पाणी मारून झालं होतं, जाळी ओढून लाल माती तळहातासारखी सपाट केली होती, रेषाही झाडून झाल्या होत्या. वीस वर्षं ती हेच करत आली होती. या मातीवर नाव कुणाचं, तर जी वर्षातून एकदा नाताळात येते तिचं.

रोसरची सगळी कारकीर्द तिनं कँटीनच्या टीव्हीवर पाहिली होती. जगात एक्केचाळिसावा नंबर, तीन स्पर्धा जिंकलेल्या, पॅरिसला एकदा उपांत्यपूर्व फेरी, मग गुडघ्याची दोन ऑपरेशनं आणि गेल्या शरदात निवृत्ती. रोसर जिंकली की एन्कार्नाच्या घशाखाली घास उतरत नसे. हरली की ती चिमोकडून आणखी एक बशी कालवं मागून घेई. लाज वाटायची, पण मागायची.

कारण ते आयुष्य आपलं होतं, असं तिला वाटे. चौदाव्या वर्षी याच कोर्टावर दोघींचा अंतिम सामना झाला होता. जिंकेल ती बार्सिलोनाला, सरकारी खर्चानं शिकायला जाणार होती. शेवटच्या गुणाला रोसरचा फटका एन्कार्नाच्या कोपऱ्यात पडला. बाहेर, एन्कार्ना म्हणाली. पंच नव्हता. अशा वेळी मातीवर उमटलेला चेंडूचा ठसा बघायचा आणि ठसा सांगेल ते मानायचं. पण तिथे ठसे दोन निघाले. एन्कार्नानं बाहेरचा दाखवला, रोसर जाळ्याला वळसा घालून आली आणि तिनं रेषेला लागलेला, म्हणजे आतला, दाखवला. दोघींना शिकवणाऱ्या विसेन्त मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला आणि रोसरचा ठसा खरा धरला.

"चोरटी," एन्कार्ना तेव्हापासून घरीदारी म्हणत आली होती. आज पाटी लागायच्या आत रोसरनं एकदा तरी कबूल करावं, एवढंच तिला हवं होतं.

अकराला रोसर आली ती खेळायचे बूट घालूनच. "लोक यायच्या आत थोडं खेळू या? एकच गेम. डॉक्टरांना सांगू नकोस."

"आत्ताच जाळी ओढलीये मी."

"मग परत ओढू. दोघी मिळून."

दोघी मिळून, म्हणे. एन्कार्नानं रॅकेट आणली. चिमो पाएयाची कढई मांडायला गेला होता, कोर्टावर दोघीच उरल्या. रोसर लंगडत होती तरी चेंडू अजून तसाच यायचा, खोल आणि जड. चाळीस-तीस झाल्यावर पाणी प्यायला दोघी जाळ्याशी आल्या आणि एन्कार्नाला राहवलं नाही.

"त्या फायनलचा ठसा आठवतो?"

"कुठली फायनल?"

"बार्सिलोनाची. चौदा वर्षांच्या असतानाची."

रोसरनं कपाळाला आठ्या घातल्या. "ती साग्युंत गावच्या मुलीशी होती ना? ती उंच, डावरी?"

"ती सेमी. फायनलला मी होते."

"खरंच?" रोसर खजील झाली. "अगं, किती सामने झाले, माझं डोकं म्हणजे नुसती मिसळ झालीये. काय झालं होतं?"

एन्कार्नानं पाण्याची बाटली खाली ठेवली. एकवीस वर्षं जिला ती पाठीमागे शिव्या घालत होती, तिला भांडण ठाऊकच नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, जी ती आजवर कुणापाशी बोलली नव्हती, तीही आता ओठांवर येऊन अडकली. त्या फायनलचा पहिला सेट संपल्यावर रेषा झाडायची पाळी एन्कार्नाची होती. जिंकण्याच्या तोऱ्यात तिनं झाडू हातातही घेतला नव्हता. झाडला असता तर ठसा एकच राहिला असता आणि तो आत होता की बाहेर, हे तिला आज माहीत असतं.

"काही नाही," ती म्हणाली. "चल, सर्व्हिस कर. चाळीस-तीस."

चार फटके झाले. पाचवा त्याच कोपऱ्यात आला. एन्कार्ना पोचली नाही.

"बाहेर गेला ना? बरोबरीवरच थांबू या?" पलीकडून रोसरनं विचारलं. टॉवेल गळ्यात टाकत ती बाकाकडे वळलीसुद्धा होती.

एन्कार्ना कोपऱ्यात वाकली. सकाळी झाडलेल्या मातीवर ठसा एकच होता. त्याची कड रेषेला जेमतेम लागली होती. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. कोण बघायला येणार होतं?

तिनं रॅकेटच्या टोकानं ठशाभोवती गोल काढला. "इकडे येऊन बघ."

"तू सांग ना. गुडघा ठणकतोय गं."

"ये म्हणते ना."

रोसर आली. एक पाय ओढत, जाळ्याला वळसा घालून, पूर्वीसारखीच त्याच बाजूनं. गुडघ्यावर हात टेकून ती खाली वाकली आणि दोघींची डोकी जवळ आली.

"लागलाय रेषेला," ती म्हणाली.

"लागलाय. आत आहे," एन्कार्ना म्हणाली. "गेम तुझा."

"एवढ्यासाठी लंगडत आणलंस मला?"

"हो. एवढ्यासाठीच."

रोसर तिच्याकडे पाहत राहिली, काहीतरी आठवतंय का ते शोधत. मग फाटकाशी गाडी वाजली. महापौरबाई वेळेआधीच आल्या होत्या. रोसर केस सारखे करत, हसरा चेहरा करून तिकडे गेली.

एन्कार्नानं झाडू उचलला. कोपऱ्यातला गोल तिनं सगळ्यात शेवटी पुसला आणि मग रेषा झाडली, दोन्ही बाजूंनी, पांढरी होईपर्यंत.